खिडकीतली निळी किटली

दारावर पहिली थाप पडली तेव्हा प्रेमदासच्या हातात चहाचा कप होता, आणि तो हलला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला याचंच नवल वाटत राहिलं. अकरा महिन्यांपूर्वी कोणी नुसती हाक मारली असती तरी अर्धा चहा सदऱ्यावर आला असता.

दुसरी थाप हाताची नव्हती, काठीची होती. दार पत्र्याचं, म्हणून आवाज खताच्या पोत्यांवरून घुमत गोडाऊनभर फिरला. बाहेरून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "खोला दार. किटली दिसली आमाले."

आत नऊ पुरुष होते आणि एक बाई. नऊच्या नऊ त्या बाईकडे पाहू लागले. दहाच मिनिटांपूर्वी मोठ्या मुश्किलीनं तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला होता. आता ती तो पुन्हा बांधू लागली, आणि तिच्या बोटांना गाठ काही जमेना.

प्रेमदासनं कप पोत्यावर ठेवला. तिला इथं आणणारा तोच होता. शब्द देणाराही तोच.

प्रेमदास थूलचं सेलूत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की आजूबाजूच्या गावचे लोक ती गाडीला बांधून त्याच्याकडे आणतात. जळकी तार उपसायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार भरायची. प्रत्येक खाचेत वेढे मोजून. एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटार चालते, पण आतल्या आत तापत राहते, आणि एक दिवस भर ओलिताच्या वेळी धूर सोडते. प्रेमदासचंही तसंच झालं होतं. चालत होता, पण तापत होता.

लोक म्हणतात वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आहेच. पण बंदीच्या जिल्ह्यात पिणाऱ्याला दुकान शोधावं लागत नाही, दुकानच त्याला शोधत येतं. मोटारसायकलच्या डिक्कीतून येतं, दुधाच्या कॅनमधून येतं, नाल्याकाठच्या भट्टीवरून रबरी ट्यूबमध्ये भरून येतं. पाटी नसते, खुणा असतात. कोणाच्या कुंपणावर लाल फडकं, कोणाच्या ओसरीवर पालथी बादली. ज्याला कळायचं त्याला कळतं की माल आला. आणि या खुणा पोलिसांपेक्षा जास्त कोणाला कळत असतील तर त्या दारूबंदी मंडळाच्या बायांना.

प्रेमदासची बायको पौर्णिमा त्या मंडळात आठ वर्षांपासून होती. शाळेत खिचडी शिजवायची, आणि दुपारनंतर बायांबरोबर भट्ट्या फोडायला जायची. दारूसाठी आंबत घातलेल्या सडव्याचे माठ फोडताना तिचा हात सगळ्यांत जोरात पडतो असं बाया म्हणत, आणि काऊन पडतो तेही त्यांना ठाऊक होतं. गावातल्या भट्ट्या फोडून ती घरी यायची तर नवरा खाटेखाली.

घरात एक रीत होती. संध्याकाळी प्रेमदास दाराशी आला की पौर्णिमा उंबरठ्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "हा करा." तो तोंड उघडून हाऽ करायचा, ती वास घ्यायची. लवंग, वेलची, कच्चा कांदा, पेरूची पानं, सगळं करून पाहिलं होतं त्यानं. तिच्या नाकापुढे काही चाललं नाही. मुलगा अश्विन लहान होता तेव्हा बापाची नक्कल म्हणून आल्यागेल्यापुढे हाऽ करून दाखवायचा. पाहुणे हसायचे. पौर्णिमा हसत नसे.

दारू सोडायच्या शपथा प्रेमदासनं पाच वेळा घेतल्या. पाचवी तर विहारात, सगळ्या समाजापुढे. हात जोडून पंचशिलातलं दारू वर्ज्य करायचं पाचवं शील त्यानं एकट्यानं, मोठ्या आवाजात म्हटलं. बायांनी डोळे पुसले. आठव्या दिवशी तो त्याच विहाराच्या भिंतीलगतच्या नालीत सापडला, आणि त्याला उचलायला आले ते त्या दिवशी मागे बसून ऐकणारेच.

त्यानंतर एकदा मोजणी चुकली. हात थरथरत होते, वेढे चुकले, आणि मोटार एका माणसाच्या विहिरीवर जळली. ती जळताना पाहायला तो माणूस आत वाकला आणि त्याचा हात भाजला. फार नाही, मनगटापर्यंत. तो रागावला नाही. म्हणाला, होते कधी कधी प्रेमदासभाऊ. त्या 'होते कधी कधी'नं प्रेमदासची झोप गेली.

मग त्यानं शोधायला सुरुवात केली. पण कोणाला विचारायचं? एका दवाखान्यात दबक्या आवाजात विचारलं, तर खिडकीतला माणूस हसला. जिल्ह्यात दारूच नाई तर दारुडे कुठून आणता भाऊ, म्हणाला. मागच्या रांगेतलेही हसले. शेवटी एका औषधाच्या दुकानात, वजनाच्या काट्यावर चिकटवलेला एक फोन नंबर दिसला. खाली लिहिलं होतं: पिण्याचा त्रास होत असेल तर. बस, इतकंच. प्रेमदास गरज नसताना तीनदा वजन करून आला तेव्हा नंबर पाठ झाला.

सात वेळा फोन लावला आणि सात वेळा कापला. आठव्यांदा तिकडूनच आला.

"लावता आन् कापता," तिकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "बोलाचं नसन तर नका बोलू. मी बोलतो, तुमी आयका. मी अण्णाजी. एकोणीस वर्षं झाले मले सोडून. मी तं नऊ वेळा कापला होता."

अण्णाजी निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली आणि एकाही पत्रातला शब्द दुसऱ्याला सांगितला नाही, आता तेच काम बिगरपगारी करतो, असं ते म्हणत. त्यांनी ठिकाण सांगितलं. फाट्याजवळ खताचं जुनं गोडाऊन, गुरुवारी दुपारी चार वाजता. पाटी नाही. पाटी लावली तर ती वाचणाराच वाचला जातो. खिडकीत निळी किटली दिसली की समजायचं, इथं आहे.

पहिले दोन गुरुवार प्रेमदासनं किटली लांबून पाहिली आणि गाडी वळवली. तिसऱ्या गुरुवारी पेट्रोल संपलं, बरोबर गोडाऊनसमोर. मुद्दाम भरलं नव्हतं की विसरला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अण्णाजींनी त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली. शपथ घ्यायची नाही. आज प्यायची नाही, बस. उद्याचं उद्या. म्हणून प्रेमदासनं घरी काही सांगितलं नाही. सांगणं म्हणजे सहावी शपथ झाली असती. फक्त पहिल्या मीटिंगहून आला त्या संध्याकाळी पौर्णिमा उंबरठ्यावर आली, "हा करा" म्हणाली, तर हा म्हणाला, "आजपासून मी हा करनार नाई. इस्वास ठेवाचा तं ठेव."

इथं त्याचं चुकलं. माणूस खरा व्हायला लागला की त्याला वाटतं, लोकांनी ते न हुंगता ओळखावं. पौर्णिमाचा हिशोब सरळ होता: ज्याच्या तोंडाले वास नाई तो तोंड काऊन लपवते? अकरा महिने दोघं एका घरात दोन टोकांनी वावरले. ती भाकर वाढायची, तो खायचा. हात थरथरत नाहीत हे तिला दिसत होतं. पण दर गुरुवारी तो दुपारी दुकान बंद करून कुठं जातो, हे दिसत नव्हतं.

आणि मग त्या बाईचा फोन आला.

अण्णाजींनी सांगितलं, आंजीकडची बाई आहे, तीनदा फोन आला, तीनदा कापला. आज येते म्हणाली. आजवर गोडाऊनात बाई कधी आली नव्हती. एसटीनं फाट्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरेल, तिला एकटीला नऊ पुरुषांच्या गोडाऊनात शिरायला कसं सांगायचं? ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं जाऊन आणावं. प्रेमदास गेला.

बाई पस्तिशीची. सुती साडी, तोंडाला स्कार्फ, हातात घडी घातलेली पिशवी. तिनं गाडीवर बसायच्या आधी एवढंच विचारलं, "दादा, मले कोनी पाह्यलं तर?"

"नाई पाहात ताई," प्रेमदास म्हणाला. "तुमचं तोंड तिथं भायेरच्या एकाही मानसाले दिसनार नाई. माही जबान हाये."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं उद्याचा शब्द दिला होता.

फाट्यावर झेरॉक्सच्या दुकानात आकांक्षा उभी होती, मंडळातली सगळ्यांत तरणी पोरगी, पौर्णिमाला काकू म्हणणारी. प्रेमदासकाकाच्या गाडीवर तोंड बांधलेली बाई पाहून तिनं गाडी कुठं वळते तेवढं पाहिलं. खिडकीतली किटली मंडळाच्या नजरेत तीन आठवड्यांपासून होतीच. गुरुवारी येते, गुरुवारीच जाते, आत परगावचे लोक शिरतात, त्यातले दोघं-तिघं नावाजलेले पिणारे. आणखी काय पाहिजे? आकांक्षानं फोन लावला.

आता दाराबाहेर वीसएक बाया होत्या आणि दारावर काठी पडत होती.

"खरं सांगून टाकू," अण्णाजी हळूच म्हणाले. "सोडलेल्याइची बैठक हाये मनून."

प्रेमदासनं मान हलवली. खरं सांगितलं तर बाया म्हणतील, दाखवा. आत येतील. आकांक्षाच्या हातात फोन असेल. संध्याकाळपर्यंत ह्या बाईचं तोंड सेलूपासून आंजीपर्यंत फिरेल. दार एकच होतं. मागची खिडकी गजांची. बाई पोत्यांच्या रांगेकडे तोंड करून उभी होती, गाठ अजून हातातच.

"माह्यामांगं कडी लावा," प्रेमदास म्हणाला आणि बाहेर गेला.

उजेडात डोळे दिपले. पुढं धुरपतामावशी, मंडळाची अध्यक्ष, हातात काठी. तिचा जावई मोहाची पिऊन गेला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या दिवसापासून तिनं दारूवाल्याशी हसून बोलणं सोडलं होतं. बाजूला आकांक्षा, फोन वर धरलेला. आणि तिसऱ्या जागी पौर्णिमा. तिला घामही आला नव्हता. तिचा चेहरा माठ फोडायच्या आधी व्हायचा तसा झाला होता.

"हाय का नाई," धुरपतामावशी म्हणाली, बाकीच्या बायांना उद्देशून. "पह्यला तं आपल्या घरचाच निंगाला."

कोणीतरी मागून म्हणालं की विहारात शील म्हणणारा हाच ना, आणि बायांत हसू पसरलं. पौर्णिमाच्या कानापर्यंत रक्त चढलं.

प्रेमदासनं सांगितलं, आत दारू नाही. धुरपतामावशीनं सांगितलं की आजवर तिनं तीनशे दारं उघडली आणि तीनशेही ठिकाणी आत दारू नव्हती असंच लोक म्हणाले. मग दार उघडायला काय हरकत? प्रेमदास म्हणाला, हरकत आहे. काय हरकत? ते सांगता येत नाही. हे ऐकल्यावर बाया पुढं सरकल्या आणि प्रेमदासच्या पाठीला पत्रा लागला.

"फोन खाली कर पोरी," तो आकांक्षाला म्हणाला. तिनं केला नाही.

"अंदर बाई हाये का?" पौर्णिमानं विचारलं. तिचा आवाज एवढा खाली होता की मागच्या बायांना ऐकू गेला नसेल.

प्रेमदासला खोटं बोलता आलं असतं. लग्न झाल्यापासून अठरा वर्षं बोललाच होता. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग जे त्यानं अकरा महिने केलं नव्हतं ते केलं. वीस बायांपुढे, पत्र्याला पाठ लावून, तो तिच्यासमोर वाकला.

"घे," म्हणाला. "हाऽऽ."

पौर्णिमा जागची हलली नाही. मग पुढं आली आणि तिनं वास घेतला. एकदा. पुन्हा. नाक तिचं सराईत होतं, लवंगेच्या आड काय लपतं ते तिला उघड्या बाटलीसारखं कळायचं. लवंग नव्हती. काही आडच नव्हतं. चहा होता, साखर जास्त.

ती सरळ झाली. "आन् मंग अंदर काय करता?"

"माह्यासारखेच हायेत," तो म्हणाला. "एकाचं बी नाव नाई सांगू शकत. मी जबान देल्ली हाये."

"तुमची जबान," पौर्णिमा म्हणाली. तेवढंच. पण त्यात पाचही शपथा होत्या आणि ती नालीही होती.

धुरपतामावशीचा धीर सुटला. तिनं काठी उचलली. आणि पौर्णिमा वळून तिच्या आडवी आली.

"मावशी, मी एकटी जातो अंदर. पंधरा मिन्टं द्या. दारू सापडली तं पह्यले ह्या मानसाले मी झोडपतो, मंग तुमी."

"आन् नाई सापडली तं?"

"तं आपन घरी जातो."

प्रेमदास दारातून हलेना. पौर्णिमा त्याच्या समोर उभी राहिली, हात पुढं करून. त्यानं शब्द दिला होता की बाहेरच्या एकाही माणसाला तोंड दिसणार नाही. ही बाहेरची होती की नव्हती? हा प्रश्न त्याला अठरा वर्षांत कधी पडला नव्हता, आणि आता विचार करायला वेळ नव्हता. त्यानं दोन बोटांनी पत्रा वाजवला. कडी सरकली. पौर्णिमा आत गेली, दार लागलं.

ती पंधरा मिनिटं प्रेमदासनं पुढं कोणाला नीट सांगितली नाहीत. आतून आवाज नाही. बाया कुजबुजत होत्या, आकांक्षा त्याच्याकडे बघायचं टाळत होती. घसा कोरडा पडला आणि त्या कोरडेपणात जुनी तहान उठली, इतकी ओळखीची की दारामागून कोणीतरी नावानं बोलावल्यासारखी. नाल्याकाठची भट्टी इथून किती पावलांवर आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पाठ पत्र्याला आणखी दाबून धरली. आज नाही, म्हणाला मनात. आज नाही. उद्याचं उद्या.

दार उघडलं. पौर्णिमाच्या हातात निळी किटली होती. तिनं झाकण काढलं आणि किटली धुरपतामावशीच्या नाकापुढं धरली.

"चहा हाये, मावशी. एकेकाचं तोंड हुंगून पाह्यलं मी. कोनी पेलेलं नाई. खताचे पोते हायेत आन् चटया हायेत."

"ते सारं ठीक," आकांक्षा म्हणाली, "पन काकू, काकाच्या गाडीवर ते बाई?"

प्रेमदासनं डोळे मिटले.

"माह्या ओळखीची हाये ते," पौर्णिमा म्हणाली. "मीच धाडलं होतं याइले आनाले. शाळेच्या परसबागेले खत पाह्यजे होतं."

धुरपतामावशी तिच्याकडे पाहत राहिली. आठ वर्षांत ह्या पोरीनं मंडळात खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि म्हातारी काही लेकरू नव्हती. तिनं काठी बगलेत घेतली.

"हे खोटं निंगालं, पौर्णिमा, तं मंडळात पाय नको ठेवजो."

"नाई ठेवत."

बाया गेल्या. आकांक्षानं जाता जाता फोन पिशवीत टाकला. रस्त्याच्या वळणापर्यंत बायांचं बोलणं ऐकू येत राहिलं, मग थांबलं.

पौर्णिमानं प्रेमदासच्या हातात किटली दिली. त्या बाईबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाली, "खिडकीत हे नका ठेवत जाऊ. साऱ्या जिल्ह्यातल्या बाया हे भाषा वाचते." आणि दाराच्या पायरीवर पदर सावरून बसली. "जा अंदर. झालं की त्या ताईले मी एसटीत बसवून देतो. तुमच्या गाडीवर नको."

आत आल्यावर प्रेमदासला अण्णाजींनी सांगितलं. पौर्णिमा आत आली आणि सरळ त्या बाईसमोर जाऊन थांबली. दोघी ओळखीच्या निघाल्या. तालुक्याच्या मेळाव्यात मंचावरून माईक धरून सगळ्या बायांना व्यसनमुक्तीची शपथ देणारी अंगणवाडीची ताई ती हीच. पौर्णिमानं तिच्या मागं तीच शपथ म्हटली होती. सगळ्यांना वाटलं आता काही खरं नाही. बराच वेळ पौर्णिमा नुसती उभी राहिली. मग तिनं त्या बाईच्या हातातून स्कार्फ घेतला आणि मागून गाठ बांधून दिली. तोंड मात्र कोणाचंही हुंगलं नाही.

मंडळी पुन्हा चटईवर बसली. अण्णाजी उठले. "कडी लावू का?"

"राहू द्या," ती बाई म्हणाली. तिनं गाठ सोडली, स्कार्फ मांडीवर घेतला आणि दाराकडे पाहिलं. फटीतून पायरीवरच्या साडीचा काठ दिसत होता. "त्या बसल्या हायेत."

नवरा असताना त्याच्याच बाटलीतून औषधासारखी एक झाकण घ्यायची, तो गेल्यावर झाकण राहिलं नाही, बाटली राहिली, हे तिनं पुढं सांगितलं. पण सुरुवातीला एवढंच म्हणाली, "माह्यं नाव हर्षा. मी पेतो." आणि बाहेर पायरीवरची साडी हलली नाही.

संध्याकाळी प्रेमदास घरी आला तेव्हा पौर्णिमा चुलीपाशी होती. तो उंबरठ्यावर थांबला. ती येईना. शेवटी त्यानंच विचारलं, "हा करू का?"

ती हात पुसत आली. "रोज करा लागन," म्हणाली. "इस्वास नाई अजून. सांगून ठेवतो."

"कवापर्यंत?"

"ते तुमचे म्हातारे सांगत होते ना अंदर, मले आयकू येत होतं पायरीवर. आजच्यापुरतं." ती जवळ आली. "आजच्यापुरता ठेवतो. उद्याचं उद्या पाहू."

आणि तिनं नाक पुढं केलं.